आजीच्या नावावरचा खटला

आमच्या खालच्या मजल्यावर राहणाऱ्या आजोबांच्या घरात शिरलं की चपलांच्या कपाटावर एक चौकट टांगलेली दिसते. लांबून पाहिलं तर पदवीचं प्रमाणपत्र वाटतं. मलाही पहिल्यांदा तसंच वाटलं आणि मी विचारलंही, तुम्ही कुठल्या विद्यापीठाचे? ते हसले. म्हणाले, "मी रेल्वेचे रूळ दुरुस्त करायचो. हा माझ्या पणजीच्या आईला झालेल्या शिक्षेचा कागद आहे."

जर्मनीतल्या ओडेनवाल्डच्या डोंगरातली ती बाई. सरदाराच्या जंगलातून वाळक्या फांद्यांचे तीन भारे आणले म्हणून तिला आम्ट्सगेरिष्टात, म्हणजे आपल्याकडच्या तालुक्याच्या कोर्टासारख्या कोर्टात उभी केली आणि तीन दिवस कोठडीत बसवली. चर्चच्या वहीत तिचा जन्म आहे आणि मृत्यू आहे. मधल्या साठ वर्षांचा हा एवढाच कागद.

"श्रीमंतांची नावं जमिनीच्या कागदांवर असतात," आजोबा म्हणाले, "आमची कोर्टाच्या. आल्झो, म्हणून मी कोर्टात शोधतो."

मला त्या माणसाचं नवल वाटलं. आमच्या घरात असला कागद सापडला असता तर तो चुलीत गेला असता.

मी वाल्डॉर्फला एका सॉफ्टवेअर कंपनीत काम करते. आमच्या सगळ्या भावकीत पहिली पदवी माझी, हे मी कोणी विचारलं नाही तरी सांगते. लोकांना त्यात मिरवणं दिसतं. दिसू दे. माझे वडील बाजार समितीत पोती उचलायचे, आई दुसऱ्यांच्या शेतात खुरपायची, आणि मी तालुक्याला आत्याकडे राहून बारावी केली, मग पुण्याला इंजिनीअरिंग. आत्या म्हणजे वडिलांची मोठी बहीण. ती पहाटे उठून माझा डबा करायची आणि मी अभ्यासाला बसले की दारात बसून राहायची, कोणी हाक मारायला आलं तर परतवायला. तिला स्वतःला अक्षर येत नव्हतं. पण मी मोठ्यानं वाचायला लागले की मधेच म्हणायची, "हे मघाशी वाचलं गं. म्होरं जा."

त्या घरात तिची नणंदही होती. लग्नानंतर दोन वर्षांत विधवा होऊन परत आलेली, आणि मग तिथेच राहिलेली. साठ वर्षं त्या दोघींनी एका चुलीवर स्वयंपाक केला. नणंदेची जीभ फार वाईट. भांडणात सगळे मुद्दे संपले की ती शेवटचा काढायची, "चोरट्याची लेक ती, तिला काय सांगायचं." आत्या त्यावर गप्प व्हायची. मी तेव्हा पंधरा-सोळा वर्षांची होते. मला वाटायचं, ही एक शिवी आहे, जशा इतर असतात.

पुढं मी लग्न केलं ते पुण्याच्या घरात. माझ्या सासरी जाडजूड, कापडी बांधणीचा कुलवृत्तांत आहे. त्यात माझ्या नवऱ्याला क्रमांक आहे, सासऱ्यांना आहे, आणि कोकणातून कोण कधी घाट चढून आलं याची पानंच्या पानं आहेत. लेकीला शाळेत वंशवृक्ष काढून आणायला सांगितलं तेव्हा बापाच्या बाजूनं तिनं अकरा पिढ्या उतरवल्या. कागद पुरेना म्हणून खाली दुसरा चिकटवला. माझ्या बाजूला माझे आईवडील, वडिलांचे वडील, आणि वडिलांच्या आईच्या जागी एक रिकामा चौकोन.

"मामा, वारुम इस्ट डाइने झाइटे लेअर?" आई, तुझी बाजू रिकामी का, असं तिनं विचारलं. ती मराठी समजते, उत्तर मात्र जर्मनमध्येच देते.

मी म्हटलं, "रिकामी नाही. कोणी लिहून ठेवली नाही."

"आबर वारुम?" पण का?

नऊ वर्षांच्या मुलीला काय सांगायचं म्हणून मी नवऱ्याकडे पाहिलं. तो म्हणाला, "अगं, त्या चौकोनात नुसतं पणजी लिही नि सोडून दे." मला राग आला. त्याच्यावर नाही, त्या चौकोनावर. आणि मला खालची ती चौकट आठवली.

आजोबांची नजर अधू झाली होती, गाडी चालवायला बंदी होती. मी त्यांना म्हटलं, मी तुम्हाला कार्ल्सरूहच्या अभिलेखागारात घेऊन जाईन, तुम्ही मला शोधायचं कसं ते शिकवा. जर्मन माणसाला असा स्वच्छ व्यवहार आवडतो. त्या हिवाळ्यात मी रजा टाकून पाच-सहा वेळा त्यांच्याबरोबर गेले. वाचनालयातल्या मऊ उशीवर जुनं रजिस्टर ठेवायचं, पानं सावकाश उलटायची, आवाज करायचा नाही. जुनी जर्मन लिपी आजच्या जर्मन मुलांनाही वाचता येत नाही, आपल्याकडे मोडीचं झालं तसंच. आजोबा भिंगातून एकेक ओळ लावायचे आणि मी आकडे टिपायची. तिथे मी बघितलं, रांगेनं बायका. लाकूड, गवत, बीचच्या झाडाखालचे दाणे, कोणाच्या तरी कुंपणातले बटाटे.

एकदा मला आजोबांच्या आडनावाची एक बाई सापडली, गावही तेच. मी खूश होऊन पान त्यांच्यापुढे सरकवलं. त्यांनी वाचलं आणि मान हलवली.

"बापाचं नाव?"

"ते इथे नाही."

"मग ही माझी नाही. नुसत्या नावावर कधी जायचं नाही. गरिबांची नावं सगळ्यांची सारखीच असतात. नाव, बाप, गाव. तिन्ही जुळली तर बोलायचं. दोन जुळली तर गप्प बसायचं."

"पण बहुतेक हीच असेल ना?"

"हो, बहुतेक," ते म्हणाले. "बहुतेकवर मी कोणाला चोर म्हणत नाही."

हे मला इतकं स्वच्छ सांगितलेलं होतं. म्हणून सांगते, मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही.

मग एका रविवारी मी आत्याला व्हिडिओ कॉल केला. वहिनी, म्हणजे आतेभावाची बायको, आत्याच्या हातात फोन द्यायच्या. आत्या चौऱ्याऐंशीच्या पुढे होती. मी विचारलं, आजीबद्दल, म्हणजे तुझ्या आईबद्दल, तुला काय आठवतं? आजी माझे वडील तान्हे असताना गेली होती. माझ्या आजोबांनी लगेच दुसरं लग्न केलं आणि पहिलीचं नाव घरातून गेलं ते गेलंच.

आत्यानं दाराकडे पाहिलं. मग वहिनींना म्हणाली, "तू जरा चहा टाक." वहिनी गेल्यावर आवाज बारीक करून बोलायला लागली.

"माझी आई जेलात जाऊन आली व्हती, येवढं खरं हाये. कशापायी ते मला म्हाईत नाय. बापाला इचारायची सोय नव्हती. ह्या घरात आल्यापासून ऐकते, चोरट्याची लेक, चोरट्याची लेक. आता माझं काय ऱ्हायलंय. तू कागद वाचती. येकदा बघ आन् मला सांग, ती चोर व्हती का नव्हती."

"सांगते," मी म्हटलं. "जरूर सांगते."

"मी तिच्यासंगं व्हते," आत्या म्हणाली. "आमी आजोळी गेलो व्हतो. मग येक दगडी खोली, वर खिडकी. भाकरीत खडे लागायचे."

मी हसले. अगदी वाईट हसले नाही, पण हसले. "आत्या, तू चार-पाच वर्षांची. तुला कोण नेईल जेलमध्ये? कोणीतरी सांगितलेलं तुला आठवतंय. असं होतं."

"आसंल," ती म्हणाली.

मग तिनं आईचं नाव सांगितलं. ते नाव मी कधीच ऐकलेलं नव्हतं. माझ्याकडे आजीच्या मृत्यूची नोंद होती, मी ती आधीच तहसिलीतून मागवली होती, तयारीनं बसले होते. त्यावर वेगळंच नाव होतं. मी नोंद मोबाइलसमोर धरली, जसं काही तिला वाचता येणार होतं. "हे बघ, सरकारी कागद आहे. आजीचं नाव हे. तू दुसऱ्याच कुणाचं सांगते आहेस."

"तिला तिकडं..." तिनं सुरुवात केली. मी मधेच म्हटलं, "अगं वय झालं की होतं असं." ती थांबली. "बरं बाई. तुला जास्त कळतं."

हे वाक्य ती नेहमी कौतुकानं म्हणायची. त्या दिवशी कौतुकानं म्हणाली की कसं, ते मला आज ठरवता येत नाही.

तालुक्याच्या कोर्टात एका वकिलाचा कारकून मला ओळखीतून मिळाला. नकलेचा अर्ज करायचा, रेकॉर्ड रूममधल्या माणसाला चहा पाजायचा, रुमालात बांधलेले गठ्ठे सोडवून घ्यायचे, हे सगळं त्याच्या अंगवळणी पडलेलं. त्यानं पहिल्याच फोनवर सांगितलं, "मॅडम, जुने खटल्याचे कागद बहुतेक नष्ट केलेत. रजिस्टरं आहेत. पण मोडीत आहेत, आम्हाला वाचता येत नाहीत. फोटो पाठवतो, तुमचं तुम्ही बघा."

मी मोडी शिकले. ऑफिसातून आल्यावर, लेकीचा अभ्यास झाल्यावर, चार महिने. मला त्याचा अभिमान होता आणि अजून आहे. माझ्या आजीला अंगठा उठवता येत होता, तिची नात जर्मनीत बसून त्या अंगठ्याच्या बाजूची मोडी लावत होती. कारकुनाला मी आजीचं नाव, गाव आणि अंदाजानं तीन वर्षं दिली होती. गुन्हा, चोरी.

आणि एका शनिवारी सकाळी फोटो आला. नाव आजीचं. गाव माझ्या आजोबांचं. वय बरोबर. गुन्हा, घरात शिरून तांब्याची घागर आणि पायातले वाळे चोरल्याचा. शिक्षा, एक महिना सक्तमजुरी. नवऱ्याच्या नावाच्या जागी कसरीनं खाल्लेलं भोक होतं, करंगळी जाईल एवढं.

मी ते भोक माझ्या मनानं भरलं. दोन जुळत होती, तिसरं मी घातलं. मला आनंद झाला होता, हे सांगायला लाज वाटते. आजी चोर निघाली याचा नाही. सापडली याचा. मी खाली जाऊन आजोबांना दाखवायला हवं होतं. त्यांनी एकच प्रश्न विचारला असता. पण शनिवार होता, ते बाजारात गेले असतील असं मी स्वतःला सांगितलं आणि आत्याला फोन लावला.

मी मनात वाक्य तयार केलं होतं. खालच्या आजोबांसारखं बोलायचं, सहज. गरिबी होती, त्या काळात बायकांवर काय वेळ आली असेल, त्यात लाजायचं काय. जर्मनीत तर लोक असे कागद भिंतीवर लावतात.

"आत्या, कागद सापडला."

"सापडला?"

"हो. अगं, एका घरातून घागर आणि वाळे घेतले होते आजीनं. महिनाभर होती आत. पण हे बघ, त्यात वाईट वाटून घेऊ नको, त्या काळी..."

 आत्याच्या बाजूनं, पडद्याच्या बाहेरून, आवाज आला. "मी म्हनतच व्हते."

नणंद शेजारीच बसलेली होती. फोन स्पीकरवर होता, कारण आत्याला ऐकू कमी यायचं. मी बोलण्याआधी विचारलं नाही की तिथे कोण आहे. साडेसहा हजार किलोमीटरवरून मी त्या बाईच्या हातात तिचा साठ वर्षांचा टोमणा सही-शिक्क्यासह दिला.

"बरं," आत्या म्हणाली. "वाळे व्हय. बरं. तू जेवली का?"

माझी सकाळ होती. मी हो म्हटलं.

त्यानंतर मी फोन केला की ती हवापाण्याचं बोलायची. पोरगी कशी आहे, बर्फ पडला का. आईचा विषय तिनं काढला नाही आणि मी बरं झालं असं समजले, एक काम संपलं. वंशवृक्षाच्या चौकोनात मी आजीचं नाव घातलं, लेकीनं खाली छोटी घागर काढली. तो कागद तिनं पुन्हा शाळेत नेला, बाईंनी म्हणे कौतुक केलं.

भाद्रपदात वहिनींचा फोन आला, दुसऱ्याच कामासाठी. जाता जाता म्हणाल्या, "ताई, यंदा आईंनी अविधवा नवमी केली नाही. मी सवाष्णीला सांगून आले होते. नको म्हणाल्या."

हे काय ते मला माहीत होतं. आजी नवऱ्यामागे न राहता सवाष्ण गेली, म्हणून पितृपक्षातल्या नवमीला आत्या दरवर्षी एका सवाष्णीला जेवायला बोलवायची, साडीचोळी द्यायची. खरं तर ते माझ्या वडिलांकडे व्हायला हवं होतं. वडील करायचे नाहीत. लेकीनं, तेही सासरच्या घरात बसून, आईसाठी असं करायचं याला तिनं नणंदेशी किती भांडण घेतलं असेल, मला ठाऊक आहे. मी त्या घरात राहिले आहे. आत्या साठ वर्षं त्यात हरली नव्हती.

"का नको म्हणाली?" मी विचारलं.

"म्हणाल्या, ज्याचं नेलं त्याला कुणी जेवू घातलं का."

मी तेव्हाही काही केलं नाही. वाईट वाटलं, पण कागद तर कागद होता.

आत्या माघात गेली. झोपेत गेली, असं वहिनी म्हणाल्या. मला तिकीट मिळत होतं ते दहाव्याच्या नंतरचं, आणि रजेचं गणित बसेना, मी गेले नाही. हेही लिहून ठेवते.

तेराव्याच्या दोन दिवसांनी वहिनींचा मोठा फोन आला. कोण कोण आलं होतं, काय काय झालं. मग म्हणाल्या, "आणि आईंच्या आजोळाहून एक म्हाताऱ्या बाई आल्या होत्या हो, काठी टेकत. दारातच रडायला लागल्या. अमकीची लेक गेली, अमकीची लेक गेली, म्हणून. आम्हाला कळेना, ही अमकी कोण. मग म्हणाल्या, अगं तिची आई. आमच्या गावची लेक ना ती. सासरचं नाव आम्हाला काय ठाऊक."

वहिनींनी जे नाव घेतलं ते मी एकदा ऐकलं होतं. आत्यानं मला सांगितलं होतं आणि मी तिला मृत्यूची नोंद दाखवली होती.

आपल्याकडे लग्नात पोरीचं नाव बदलतात, हे मला कोणी शिकवायला नको. माझ्या लग्नात सासूबाईंनी तांदळाचं ताट पुढे केलं होतं, नवऱ्यानं अंगठीनं त्यात माझं नवं नाव लिहायचं म्हणून. मी भर मांडवात ताट बाजूला सारलं आणि म्हटलं, माझ्या नावावर माझी पदवी आहे. सासूबाई चार महिने बोलल्या नाहीत. पंधरा वर्षं ही गोष्ट मी ऑफिसात, पार्टीत, जर्मन मैत्रिणींना रंगवून सांगत आले. आणि त्याच मला आठवलं नाही की माझ्या आजीपुढेही असंच एक ताट आलं असेल आणि तिला ते सारता आलं नसेल. तिला दोन नावं होती. सासरच्या गावात एक, माहेरच्या गावात दुसरं. आत्या म्हणाली होती, आम्ही आजोळी गेलो होतो.

मी कारकुनाला फोन केला. आजीच्या माहेरचं गाव दिलं, माहेरचं नाव दिलं, आणि वहिनींनी त्या काठीवाल्या बाईंकडून विचारून घेतलेलं बापाचं नाव.

"गुन्हा?" त्यानं विचारलं.

"माहीत नाही. काहीही असू दे."

"डोंगरातलं गाव आहे मॅडम. जंगलाचं रजिस्टर वेगळं असतं."

"हे तुम्ही मला तेव्हा का नाही सांगितलं?"

"तुम्ही चोरी विचारली, मी चोरी बघितली."

त्यात त्याची काही चूक नव्हती.

फोटो यायला दोन महिने लागले. या वेळी मी आधी खाली गेले. आजोबांना मोडी येत नाही, पण मी त्यांच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून एकेक ओळ लावली आणि जर्मनमध्ये सांगत गेले. पाच बायका. एकाच गावच्या. सरकारी राखीव जंगलातून हिरडा जमा करून नेताना भरलेल्या ओट्यांसह पकडल्या. त्या भागात हिरडा ठेकेदाराचा असायचा, रंगाच्या आणि कातड्याच्या कारखान्यांना जायचा, दुसऱ्या कोणी उचलायचा नाही. चौथ्या नंबरला आजी. माहेरचं नाव, अमक्याची मुलगी, सासर अमुक गाव, हल्ली बापाकडे. दंड न भरल्यास सात दिवस साधी कैद. भरला नाही.

"नाव, बाप, गाव," आजोबा म्हणाले. "गेनाऊ. अगदी बरोबर."

"अजून आहे," मी म्हटलं.

शेऱ्याच्या रकान्यात दोन ओळी होत्या. पहिली पाचही जणींचं म्हणणं म्हणून एकत्रच लिहिलेली. झाडाखाली पडलेले वेचले, झाडावरचे तोडले नाहीत. आणि दुसरी, आरोपी नंबर चार हिजबरोबर मुलगी, वय सुमारे पाच वर्षे, सांभाळणारे कोणी नसल्याने सोबत ठेवली.

मी ती ओळ जर्मनमध्ये सांगितली नाही.  आजोबांनी कॉफी केली. त्यांनी पहिल्या कागदाबद्दल विचारलं, तो मी त्यांना कधीच दाखवला नव्हता. मी मोबाइलमध्ये काढून दिला. त्यांनी भिंग लावून त्या भोकाकडे पाहिलं आणि काही बोलले नाहीत. मला वाटलं होतं, बोलतील. बोलले असते तर बरं झालं असतं.

दगडी खोली, वर खिडकी. तिनं स्वतः बघितलेलं मला सांगितलं होतं. ऐंशी वर्षं ती त्या गोष्टीची साक्षीदार होती, शेवटी एकमेव जिवंत उरलेली, आणि मी तिला म्हटलं, कोणीतरी सांगितलेलं तुला आठवतंय. तिला फक्त मोठ्या माणसांनी कारण सांगितलं नव्हतं. कारणही किती छोटं. पडलेले हिरडे. ती विचारत होती ते एवढंच होतं, आणि त्याचं उत्तर त्या कोर्टातल्या दुसऱ्या कपाटात ऐंशी वर्षं बांधून ठेवलेलं होतं. ती जिवंत असताना तिथं पोचायला मला फक्त तिचं बोलणं पुरं होऊ द्यायचं होतं. तिकडं तिला काय म्हणायचे, ते.

मी आठवडाभर त्या कागदाबद्दल कोणाला सांगितलं नाही. मग शनिवारी वहिनींना फोन केला आणि म्हटलं, मावशींना द्या. आत्याच्या नणंदेला मी लहानपणापासून मावशी म्हणते.

"त्यांना ऐकू येत नाही हो आता."

"स्पीकरवर टाका."

पडद्यावर मावशी आल्या. एकट्या दिसल्या, नेहमी दोघी दिसायच्या. मी म्हटलं, मावशी, मागच्या वेळी मी सांगितलं ते चुकीचं होतं. ती बाई दुसरी होती. आत्याच्या आईचा कागद आता सापडलाय. आणि मी मोठ्यानं, एकेक शब्द सुटा करून वाचला. हिरडा. पाच बायका. पडलेले वेचले, तोडले नाहीत. बरोबरची मुलगी.

मावशींनी कानामागे हात धरला होता. "परत वाच."

मी परत वाचलं.

"वाळे नव्हं?"

"नाही. वाळे नाही, घागर नाही. हिरडे."

"हिरडे तर मी बी येचलेत," मावशी म्हणाल्या. "सगळ्यांनीच येचलेत."

मला काहीतरी बोलायचं होतं. एवढी वर्षं तुम्ही तिला, असं काहीतरी. पण तो टोमणा खरा करून द्यायला मी होते, त्या नव्हत्या.  वहिनी मागे भांडी लावत होत्या, त्यांचा आवाज थांबला.

"ती पोरगी म्हंजी आमचीच की," मावशी म्हणाल्या. "पाच वर्साची."

"हो."

"मला कधी बोलली नाय. चुलीम्होरं बसायची तवा दार लावू द्यायची नाय. थंडीत बी. त्यापायी किती भांडलो आमी." त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "मग आता हे तिला कोन सांगनार?"

मी पुन्हा त्या ओळीकडे पाहिलं.

"मीच सांगते," मावशी म्हणाल्या. "माझाच नंबर हाये आता. पन तू तो कागद छापून धाड. माझ्या तोंडचं तिला खरं वाटायचं नाय."